उजवा हात घरचा

डोळे तपासणारी पोरगी म्हणाली, ‘आता जरा मान सैल सोडा,’ आणि हेझलनं मान सैल सोडायच्या नादात सरळ मागेच वळून पाहिलं. तेव्हा तिला तो तक्ता दिसला. खरा तक्ता. इतका वेळ ती समोरच्या भिंतीवर अक्षरं वाचत होती आणि समोर नुसता आरसा होता, हे सदुसष्ट वर्षांच्या शहाण्यासुरत्या बाईच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानामागची खोली एवढीशी, खुर्चीपासून भिंत हातभर, म्हणून अंतर वाढवायला आरसा लावलेला. आणि तक्ता तिच्या डोक्यामागे, उजेडाच्या पेटीत, सगळी अक्षरं पाठमोरी घेऊन टांगलेला. ‘ई’चे दात भलतीकडे, ‘आर’ लंगडत डावीकडे निघालेला. फक्त ‘एच’ तेवढा होता तसाच, ना उलटा ना सुलटा, खांबासारखा उभा. हेझलनं चाचपडत खुर्चीचा हात धरला. जिना उतरताना शेवटची पायरी संपलेली असते आणि पाय तरी पायरी शोधतो ना, तसं. ‘बरं वाटत नाही का हो?’ पोरीनं विचारलं. ‘छे, काही नाही,’ हेझल म्हणाली, आणि तिचा उजवा हात आपोआप वर गेला, हवेत थांबला, आणि कुणी बघायच्या आत तिनं तो मांडीवर आणून ठेवला.

पोरीचं नाव नबीला. हेझल ज्या शाळेत वीस वर्षं जेवण वाढायची त्याच शाळेतली. वाटाणे ताटाच्या कडेला ढकलून ठेवणारी. आता ती हेझलच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकून, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबून, नळीतून आत डोकावत होती, आणि तिचा श्वास पुदिन्याच्या गोळीचा येत होता. आत काय काय दिसत असेल, हेझलला वाटलं. नुसता पडदा दिसतो की पडद्यावर जे जे उमटून गेलं तेही दिसतं? ‘मधोमध बारीक ठिपके आहेत,’ नबीला म्हणाली. ‘घाबरू नका, अगदी सुरुवात आहे, आपण लक्ष ठेवू. घरात कुणाला होतं का असं? आई? वडील?’ ‘माझे वडील? त्यांचे डोळे घारीचे होते,’ हेझल ताडकन म्हणाली. ‘मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाचा झेंडा हललेला सांगायचे.’ ‘कडेनं दिसतंच हो. कडा राहतात, मधलं जातं. माझ्या नानीला होतं. ती आमच्याशी बोलायची तर नेहमी आमच्या कानाकडे बघून. आम्ही पोरं खो खो हसायचो. मला वाटायचं, नानी माझ्यावर रागावलीय, बघतसुद्धा नाही माझ्याकडे. आणि या कामाचं शिकायला लागल्यावर कळलं, की समोर बघितलं की तिला माझ्या तोंडाच्या जागी डाग दिसायचा. मान वळवली की मग मी दिसायचे. म्हणजे बघा, ती बघत नाहीये असं मला वाटायचं, तेव्हाच ती मला बघत असायची.’ नबीलानं नळी बाजूला केली. ‘अहो, पाणी आलं का डोळ्यांत? थेंब झोंबतात जरा.’ ‘हो, झोंबतात,’ हेझल म्हणाली.

बाहेर मे महिन्याचं साधंसुधं ऊन, पण बाहुल्या सताड उघड्या, त्यामुळे ऑल्डरबेकचा अख्खा बाजाररस्ता कुणीतरी चुना फेकून पांढरा केल्यासारखा. गाडीत तिचा नवरा ट्रेव्हर बसला होता, फुटबॉल क्लबचा जांभळा मफलर एवढ्या उन्हात गळ्यात गुंडाळून, आणि पुटपुटत होता. पाठांतर चाललं होतं. आज दुपारी क्लबच्या खोलीत जुन्या लोकांचा मेळावा. ‘आपलं सत्तरचं दशक’ असं काहीतरी नाव बॅरी क्लेगनं त्याला दिलेलं. बॅरी म्हणजे चाहत्यांच्या मंडळाचा चिटणीस, डोक्यावर नावाला एक केस नाही पण सगळ्यांच्या जन्मतारखा पाठ. सगळ्यांनी आपापल्या आठवणी सांगायच्या आणि बॅरीची नात त्या टिपून घेणार. ‘मी असा सुरू करतो,’ ट्रेव्हर म्हणाला, ‘मंडळी, जगात दोनच माणसांनी एका हातानं अख्खं शहर बुडवलं. एक कोण ते मला आठवत नाही, दुसरा माझा सासरा! कसं आहे?’ ‘छान आहे.’ ‘मग हसली का नाहीस?’ ‘पन्नासदा ऐकलंय, ट्रेव्ह.’ ‘अगं, पण “एक कोण ते मला आठवत नाही” हे नवीन आहे!’ मग तिच्याकडे बघून म्हणाला, ‘काय झालं? डोळे घुबडासारखे दिसतायत. काय म्हणाली ती?’ ‘थेंब टाकलेत. संध्याकाळपर्यंत जाईल,’ हेझल म्हणाली. तिनं खिडकीकडे तोंड केलं. मग मुद्दाम मान आणखी थोडी वळवली, आणि डोळ्याच्या कडेतून ट्रेव्हरला बघून पाहिलं. दिसत होता. मफलर, कान, गिअरवरचा हात, सगळं. आणि त्याला मात्र वाटत असणार, बाई रस्त्याकडे बघतेय.

बाबांनी त्या एप्रिलनंतर तिच्याकडे कधी सरळ पाहिलं नव्हतं. चहा घेताना नाही, तिच्या लग्नात तिचा हात धरून चर्चमध्ये चालत गेले तेव्हा नाही, नातू मांडीवर दिला तेव्हाही नाही. तिच्या कानाच्या जरा मागे, जणू तिच्यापाठी कुणी उभं आहे आणि बाबा त्याच्याशी बोलतायत, असं बघायचे. आणि ती काय समजली? पन्नास वर्षं ती एकच समजली, आणि त्या समजुतीवर घर बांधावं तसं तिनं आयुष्य बांधलं होतं: बाबांना ठाऊक आहे. बाबांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि आता त्यांना माझं तोंड बघवत नाही.

क्लबच्या मैदानाच्या गिरणीकडच्या कोपऱ्यात गोलांचे आकडे लावायचा फलक होता. लाकडी, डांबर फासलेला, ‘ए’पासून ‘पी’पर्यंत अक्षरं रंगवलेला, ‘आय’ एकच्या आकड्यासारखा दिसतो म्हणून तेवढा वगळून, आणि प्रत्येक अक्षराखाली दोन खाचा. मध्यंतराला बाकीच्या सामन्यांचे आकडे तिथं लागायचे. कुठलं अक्षर म्हणजे कुठला सामना, हे फक्त दारावर विकत मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेलं. ज्यांनी पुस्तिका घेतली नाही ते शेजाऱ्याच्या खांद्यावरून माना ताणायचे आणि शिव्या खायचे. बाबा, म्हणजे विल्फ, आठवडाभर गिरणीत माग दुरुस्त करायचे आणि शनिवारी फलक चालवायचे, फुकट, आणि त्याचा त्यांना राजवाडा मिळाल्यासारखा तोरा. फलकामागे फळ्यांची एक खोपी होती. तिच्यात अलसीच्या तेलाचा, ओल्या लाकडाचा आणि बाबांच्या पाइपचा वास. पत्र्याचे आकडे खिळ्यांना टांगलेले, खडबडीत, रंगाचे इतके हात बसलेले की आंधळ्यानंसुद्धा ओळखावे. (आंधळ्यानंसुद्धा! गाडीत हेझलनं ओठ आवळले.) आणि सगळी गोम अशी, की आकडे मागून लावायचे. लोकांना डावीकडे दिसतो तो घरचा संघ, उजवीकडे पाहुणा. पण मागे उभं राहिलं की सगळं फिरतं. म्हणून बाबांनी तिला पहिल्याच दिवशी तिचा उजवा हात धरून सांगितलं होतं, ‘पोरी, इथं आत आलीस की शाळेतलं विसर. इथं उजवा हात घरचा. झोपेत उठवलं तरी काय म्हणशील?’ ‘उजवा हात घरचा.’ दोघं दोन टोकांनी सुरुवात करायची. बाबा ‘ए’कडून, ती ‘पी’कडून, आणि मधे कुठंतरी भेटायची. कधी ‘जी’वर, कधी ‘एच’वर, कधी पुढं. कार्यालयातून चिठ्ठी यायची ती हेझल मोठ्यानं वाचायची. आधी बाबा वाचायचे. मग शेवटच्या दोन वर्षांत म्हणायला लागले, ‘तू वाच, तुझा आवाज खणखणीत आहे.’ सतरा वर्षांच्या मुलीला आपला आवाज खणखणीत आहे असं सांगितलं तर ती दुसरं कुठलं कारण शोधायला जाईल? ती वाचायची, अख्ख्या गिरणीला ऐकू जाईल असं!

१९७४च्या एप्रिलचा शेवटचा शनिवार. मार्टनशॉ आणि ऑल्डरबेक, दोघांतलं एक खालच्या गटात जाणार. मार्टनशॉ आपल्या मैदानावर खेळत होतं, ऑल्डरबेक इथं. मार्टनशॉ हरलं तर ऑल्डरबेकला बरोबरी पुरे. ते जिंकलं तर ऑल्डरबेकला जिंकण्यावाचून गत्यंतर नाही. मार्टनशॉ होतं ‘एच’वर. बारा हजार माणसं मध्यंतराला बॉव्हरिलचे कप हातात धरून, त्या काळ्या मांसरसाची वाफ तोंडावर घेत, एका अक्षराकडे डोळे लावून उभी. हेझलनं चिठ्ठी वाचली: ‘एच, दोन–शून्य.’ म्हणजे मार्टनशॉ दोन गोलांनी पुढे. वाईट बातमी. पण वाईट बातमी नीट आत शिरायला सतराव्या वर्षी जागाच कुठं असते. कारण त्याच घडीला ‘एच’च्या रिकाम्या खाचेतून तिला खाली कठड्यापाशी जांभळा मफलर दिसला, आणि मफलरात तो पोरगा दिसला, बसथांब्यावरचा, केस खांद्यापर्यंत, आणि तो चक्क तिच्याच खाचेकडे बघत होता. तिनं हात केला. मग त्यानंही हात केला! मग तिनं... पुढचं तिला आठवत नाही. म्हणजे आठवतं ते एवढंच, की हात रिकामे झाले होते आणि बाहेरून गर्जना आली होती. बारा हजार माणसांची गर्जना. खोपीच्या फळ्या थरथरल्या, खिळ्यांवरचे पत्रे वाजले. बाबांनी पलीकडून विचारलं, ‘एवढं काय झालं गं?’ ती म्हणाली, ‘काय माहीत!’ आणि तिला खरंच माहीत नव्हतं. तिला वाटलं, जग आज असंच आनंदात आहे.

दुसरा अर्धा भाग ऑल्डरबेक बरोबरीसाठी खेळलं. चेंडू मागे, आणखी मागे, गोलरक्षकाकडे, पुन्हा मागे. लोक गात होते. शून्य–शून्य. आणि पाच वाजता कार्यालयाच्या दारातून मार्टनशॉ जिंकल्याचा, म्हणजे ऑल्डरबेक खालच्या गटात गेल्याचा, खरा निकाल बाहेर आला, तेव्हा मैदानावर जी शांतता पसरली ती हेझलला अजून कानात नाही, दातांत आठवते. फलकावर ‘एच’खाली लोकांच्या डावीकडे शून्य आणि उजवीकडे दोन, उन्हात चकाकत होते. संध्याकाळी क्लबचा चिटणीस घरी आला. टोपी काढली नाही. ‘विल्फ, एच कोणी लावला?’ बाबा शेगडीपुढे मोजे वाळत घालत होते. हेझल जिन्यावर, अंधाऱ्या वळणावर, गुडघे पोटाशी घेऊन. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मी.’ बस्स. त्या एका अक्षरावर ती पन्नास वर्षं जगली. पुढच्या मोसमात फलक दुसऱ्याकडे गेला. गिरणीतून बाबांनी वेळेआधीच अंग काढून घेतलं. गुत्त्यात लोक विचारायचे, ‘विल्फ, किती वाजले रे? पण सुलट सांग हां!’ आणि बाबा हसायचे, समोरच्या माणसाच्या कानाकडे बघून. ट्रेव्हर तर तिच्याशी लग्न करून घरात आला तोच ही गोष्ट हुंडा मिळाल्यासारखी उचलून. कितीदा तिच्या जिभेवर आलं होतं. पण ती म्हणायची, बाबांनी एवढं मोठं मन केलंय, आता मी बोलले तर त्यांनी दिलेलं परत केल्यासारखं होईल. किती सोयीचं होतं ते! बापाच्या मोठ्या मनावर चांगलं आरामात बसून राहता येत होतं.

आणि आता ते मोठं मन तिच्या डोळ्यांदेखत विरघळत होतं, चुनखडी रस्त्यासारखं पांढरं होत होतं. कारण बाबांना दिसत नव्हतं. मधलं दिसत नव्हतं. म्हणून चिठ्ठी ती वाचत होती, म्हणून पाट्या ते बोटांनी चाचपून लावत होते, म्हणून कुणाला न सांगता, नोकरी जाईल, फलक जाईल, म्हणून गप्प. आणि ‘एच’ दोघांच्या मधला. कधी त्यांच्या वाट्याला, कधी तिच्या. चिटणीसानं विचारलं तेव्हा बाबा जो बराच वेळ गप्प होते, तो वेळ मुलीला वाचवायचं ठरवण्याचा नव्हताच. ते आठवून बघत होते. आपण लावला का? लावलाच असेल, चूक झाली म्हणजे ती न दिसणाऱ्याचीच असणार, दिसणाऱ्या पोरीची कशी असेल? पोरीचे डोळे तर सतरा वर्षांचे. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना तसं खरंच वाटलं होतं. आणि १९८९ साली इस्पितळात, चादरीवर बोटं फिरवत, एक एक आकडा चाचपल्यासारखी, त्यांनी विचारलं होतं, ‘हेझल, मला दोनचा पत्रा उजव्या हाताला लागल्याचं आठवतंय गं. बोटं कशी चुकली? त्या दिवशी एच... माझाच होता ना?’ आणि ती समजली की बाबा तिला चिमटा काढतायत. कबूल हो म्हणतायत, शेवटची संधी देतायत. तिला भीती वाटली होती, राग आला होता, आणि तिनं चादर सारखी करत म्हटलं होतं, ‘झोपा आता, बाबा.’ तो प्रश्न होता. साधा, खरा, उत्तर हवं असलेला प्रश्न. एका ‘नाही’ची भूक लागलेला माणूस, आणि तिनं त्याला झोप म्हटलं.

‘उतरायचं का, की इथंच मुक्काम?’ ट्रेव्हर म्हणाला. गाडी कधीच थांबली होती.

क्लबची खोली म्हाताऱ्यांनी आणि व्हिनेगर घातलेल्या चिप्सच्या वासानं गच्च भरलेली. दिव्यांभोवती हेझलला वलयं दिसत होती, आणि माणसांच्या टकलांभोवतीही. सगळी खोली संतांची सभा भरल्यासारखी. कुणी लाकडी खुळखुळा फिरवत होतं, कुणी सांगत होतं की तेव्हा लहान पोरांना लोकांच्या डोक्यांवरून हातोहात खाली कठड्यापर्यंत पोचवायचे आणि एकदा आपल्याला चुकून पाहुण्यांच्या बाजूला पोचवलं. ‘परत कशाला आणलं रे तुला?’ कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. आणि मग बॅरी क्लेगनं कोपऱ्यातली चादर ओढली. फलक. प्लायवूडचा, नवाकोरा, फक्त तीन अक्षरांचा: जी, एच, जे. मागे माणूस उभा राहील एवढी जागा. ‘खास तुझ्यासाठी गं, हेझल!’ बॅरी म्हणाला. ‘ट्रेव्हर गोष्ट सांगणार आणि तू मागून पाट्या लावायच्या. अगदी विल्फनं लावल्या तशा!’ टाळ्या. कुणीतरी तिच्या हातांत दोन पत्रे दिले. कडा पातळ, गार. ती मागे गेली. तिचे पाय गेले असं म्हणू. ती स्वतः अजून इस्पितळाच्या खाटेजवळ उभी होती.

‘मंडळी,’ ट्रेव्हरचा आवाज माईकमधून आला, ‘जगात दोनच माणसांनी एका हातानं अख्खं शहर बुडवलं...’ खाचेतून तिला चेहरे दिसत होते, सगळे तिच्याकडे वळलेले, तोंडं हसायला आधीच अर्धी उघडी. हेच बाबा बघायचे, तिला वाटलं. नाही, बघायचे नाहीत. ऐकायचे. लावावं उलटं, एकदाच, हसू द्यावं, चिप्स खाऊन घरी जावं. कोणाचं काय अडलंय? बाबा गेले त्याला पस्तीस वर्षं झाली. पाटीवर अंगठा फिरला. दोनचा वाकडा गळा. तो तिनं उजव्या हातात घेतला, घरच्या हातात, आणि उजव्या खाचेत सोडला. डावीकडे शून्य.

बाहेर माना वाकड्या झाल्या. मग ओरडा, ‘अगं, सुलट लावलंस! उलट कर, उलट!’ ‘बापापेक्षा पोरगी हुशार निघाली रे!’ हशा. हेझल बाहेर आली. दिव्यांची वलयं आणखी मोठी झाली होती. ट्रेव्हरनं कौतुकानं माईक तिच्यापुढे धरला, आणि ती म्हणाली, आणि तिचा आवाज खणखणीत निघाला, सतराव्या वर्षीचा, ‘एच मी लावला होता. बाबांनी नाही. मी.’

मग मागच्या टेबलावरून एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, ‘वा, पोरी! बापाचं नाव राखलंस!’ आणि टाळ्या सुरू झाल्या, उभं राहून, काठ्या आपटत. बॅरीनं नातीला खुणावलं, हे टिपून घे, हे गोड आहे. ‘नाही, खरंच,’ हेझल म्हणत होती, ‘खरंच मीच,’ आणि ती जितकं म्हणे तितक्या टाळ्या वाढत होत्या. तिला कुणी रागावतच नव्हतं! पन्नास वर्षं ती ज्या रागाला भ्यायली तो राग कुणाकडे शिल्लकच नव्हता. होती ती फक्त विल्फची गोष्ट, सगळ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेली, आणि ती कुणी परत द्यायला तयार नव्हतं.

फक्त ट्रेव्हर टाळ्या वाजवत नव्हता. त्याचा माईकवाला हात खाली आला होता. ‘हेझ,’ तो हळू म्हणाला, फक्त तिला ऐकू जाईल असं, ‘तू एचच्या खाचेतून हात केलास तेव्हा तुझ्या हातात शून्य होतं. तू शून्य हलवत होतीस. मी घरी जाऊन भावाला सांगितलं होतं, एक पोरगी आहे, तिनं मला शून्य गुण दिले.’ त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, पन्नास वर्षांचे सगळे विनोद एकेक करून त्याच्या तोंडावरून उतरत असल्यासारखा. ‘अगं... आणि मी आयुष्यभर त्याला...’

टाळ्या अजून चालू होत्या. हेझलनं मान थोडी वळवली. लोकांना वाटलं, बाई लाजली. खोलीच्या कोपऱ्यात, प्लायवूडच्या फलकाच्या कडेला, जिथं कुणीच उभं नव्हतं, तिथं तिनं सरळ न बघता, डोळ्याच्या काठानं बघितलं.

‘नाही, बाबा,’ ती म्हणाली. ‘तुमचा नव्हता.’